गुणवंतभाऊंच्या खुंटीवरचा दुपट्टा

गुणवंतभाऊ, वडनेरच्या बसस्टॉपवर तुमचा मोठा फ्लेक्स लागला आहे आणि त्याच्या खालच्या कोपऱ्यात माझाही फोटो आहे. पोरांनी मला विचारलंसुद्धा नाही. तुमचा पक्ष, आमचा पक्ष, सगळ्यांची मुंडकी एका रांगेत चिकटवून दिली. तुमचा फोटो कुठल्याशा लग्नातला, काळा चष्मा लावलेला, आणि त्याखाली 'भावपूर्ण श्रद्धांजली'. तुम्ही पाहिला असता तर रस्त्यातच पोट धरून हसले असते. "पाहा ताई, शेवटी आणलंच ना तुमाले माह्या फ्लेक्सवर!" असं म्हणून वर चहाही मलाच पाजायला लावला असता. मी तिथे उभी राहून आधी त्या पोरांना शिव्या घातल्या आणि मग रडले. लोक पाहत होते. पाहू द्या म्हटलं.

पेपरात तुमच्यावर बरंच आलं. कार्यसम्राट काय, गोरगरिबांचा कैवारी काय. ते ऐकून पुष्पावहिनी म्हणाल्या, "हा कोण माणूस हाये बापा, मले तं ओळखू नाई येत." मला त्यातलं काही लिहायचं नाही. जिल्हा परिषदेत तुम्ही काय केलं नि काय नाही केलं, ते मी दर निवडणुकीत माईकवरून सांगितलंच आहे, आणि त्यातलं बरंचसं मागे घ्यायची माझी अजूनही तयारी नाही. पण आपली एक सवय होती. कडाक्याचं भांडण झालं की दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन यायचा, "काय इंदूताई, जेवल्या का काल?" काल इतकं मोठं काहीतरी घडलं, आणि आज सकाळी फोन वाजलाच नाही. म्हणून लिहायला बसले.

तुमच्या बंधुमंडळाला गावात कोणी बंधुमंडळ म्हणत नाही, खुंटीवाले म्हणतात. दारातून शिरलं की ओसरीच्या भिंतीवर खुंट्यांची रांग. ज्याची त्याची खुंटी ठरलेली. आत जायच्या आधी पक्षाचा दुपट्टा, टोपी, मोबाईल, जे काही डोक्यावर नि गळ्यात मिरवत असाल ते सगळं खुंटीला. आत नुसते भाऊ. सरपंचही भाऊ आणि पंक्चर काढणाराही भाऊ. आत राजकारण बोलायचं नाही, कोणाला साहेब म्हणायचं नाही, आणि गावात कोणावर संकट आलं तर जात नि पार्टी न पाहता सगळ्यांनी मिळून धावायचं. आतलं बाहेर सांगायचं नाही अशी शपथही आहे म्हणे. ती तुम्ही माझ्यापाशी इतक्या वेळा मोडली की तुमच्या मंडळाच्या सगळ्या रीती मला तोंडपाठ आहेत. तुमच्या पोटात काही राहतच नव्हतं, भाऊ. असा माणूस पुढारी कसा झाला, देव जाणे.

दुपट्टा म्हटलं की मला आधी ती सभा आठवते. आपण पहिल्यांदाच एकमेकांविरुद्ध उभे होतो. बाजारचौकात तुमची सभा, रस्त्यापलीकडे माझी. तुम्ही मंडळाच्या बैठकीतून थेट सभेला निघाले. संध्याकाळची वेळ, लाईट गेलेली, ओसरीत अंधार. तुम्ही चाचपडत एका खुंटीवरून दुपट्टा ओढला, गळ्यात टाकला आणि स्टेजवर चढले. तो दुपट्टा केशवरावांचा होता. केशवराव म्हणजे तुमच्या मंडळाचे वडीलभाऊ, सगळ्यात थोरले, आणि पक्षाने आमचे. लाईट आली आणि अख्ख्या चौकाने पाहिलं की गुणवंतभाऊ आमचा दुपट्टा घालून आमच्याच विरोधात माईक धरून उभे आहेत. माझ्या सभेतले लोक टाळ्या पिटायला लागले. तुमचे कार्यकर्ते खालून हातवारे करून राहिले होते आणि तुम्हाला वाटलं, पोरं जोशात आली.

मग कधीतरी तुमची मान खाली गेली. दुसरा असता तर ओढून फेकला असता. तुम्ही तो खांद्यावर नीट सारखा केला आणि म्हणाले, "हा माह्या भावाचा दुपट्टा हाये. भावाचा दुपट्टा अंगावर असताना मी त्याच्या पार्टीले शिव्या कशा देऊ? आज शिव्या बंद. आज फक्त बाजाराच्या शेडचं बोलतो." आणि बोलत सुटले. भाजीवाल्या बाया उन्हात कशा बसतात, सांभाराची हिरवी जुडी दुपारपर्यंत कशी मान टाकते, वांगी कशी पिचकतात. ते सगळं माझं भाषण होतं हो! मी रस्त्यापलीकडे कागद हातात धरून तेच बोलणार होते. तुम्ही निवडून आले, मी पडले. सकाळी फोन, "काय ताई, जेवल्या का काल?" मी फोन कट केला.

पण शेड झाली. तुम्ही सभागृहात भांडले आणि मी बाहेर बाया घेऊन दारात बसले. आतून तुमचाच निरोप यायचा, "अजून थोडं ओरडा, साहेब नरम येऊन राहिला." आजही बाजारच्या दिवशी त्या शेडखाली माझी टोपली मांडते तेव्हा वर पत्र्याकडे पाहून म्हणते, अर्धं माझं आहे. तुमचं अर्धं मी कधीच नाकारलं नाही, फक्त तुमच्या तोंडावर कबूल केलं नाही. आता केलं.

पुढे जागा बायांसाठी राखीव निघाली. सगळ्यांनी तुमच्यामागे लकडा लावला की वहिनींना उभं करा. वहिनींनी सगळ्यांसमोर सांगितलं, "मी कायले उभी राहू? इंदूताईपाशी हरायचंच हाये तं पार्टीतले दुसरे कोणी हरा." तुम्ही ही गोष्ट इतक्या अभिमानाने सगळीकडे सांगत फिरले की शेवटी तुमच्या पक्षालाच तुमचा संशय आला. मी निवडून आले. आणि त्याच पावसाळ्यात नदीला तो मोठा पूर आला.

खुंटीवाले दोर घेऊन, ट्यूब घेऊन निघाले. खालच्या वस्तीतली माणसं काढायची होती. मीही साडी खोचून निघाले. निवडून दिलं होतं मला लोकांनी. तर तुम्ही सगळे भाऊ एका सुरात म्हणाले, "ताई, तुम्ही शाळेत थांबा. भाताचं पाहा." मी भाताचं पाहिलं. मोठ्या गंजात खिचडी घाटत होते आणि खिडकीतून दिसत होतं, तुम्ही लोक कमरेएवढ्या पाण्यात एकमेकांना हाका मारत होते, "भाऊ, दोर सोड! भाऊ, पोरगी घे!" मला त्या दिवशी कळलं की मला काय पाहिजे. संकट आलं की खुंटीवाले माझ्याही दारात आले असते, त्यात शंका नाही. पण मला मदत घेणारी नव्हतं व्हायचं. धावून जाणाऱ्यांतली एक व्हायचं होतं, आणि ती हाक मलाही कोणीतरी मारायला पाहिजे होती.

मग केशवरावांनी मंडळात माझं नाव मांडलं. तुमची रीत जुनी: नवा माणूस घ्यायचा तर मातीचं मडकं फिरतं, प्रत्येकाने मूठ घालून एक दाणा टाकायचा. ज्वारी म्हणजे हो, उडीद म्हणजे नाही. एक जरी उडीद निघाला तरी माणूस बाहेर. माझ्या मडक्यात सगळी ज्वारी निघाली आणि एक उडीद. केशवराव सांगायला आले तेव्हा म्हातारा माणूस माझ्याकडे पाहू शकत नव्हता.

दुसऱ्या दिवशी फोन आला नाही, तुम्हीच शेतात आले. मी पालकाच्या जुड्या बांधत होते. तुम्ही धुऱ्यावर, शेताच्या बांधावर उभे राहून म्हणाले, "तो उडीद माहा होता, ताई."

"काऊन?" म्हटलं.

"तुम्ही आत आल्या तं भांडण बाहेर खुंटीले टांगा लागन. मंग माह्यासंगं भांडन कोण? बाकी सारे तं हव भाऊ, हव भाऊ करतेत."

मी हातातली जुडी फेकून मारली. तुमच्या पांढऱ्या शर्टावर चिखल. तुम्ही ती जुडी उचलली, झटकली आणि घरी घेऊन गेले. वहिनींनी त्याची डाळभाजी केली आणि चांगली झाली होती, हेसुद्धा तुम्हीच मला सांगितलं. काय माणूस होते तुम्ही!

त्या उडदावरून आपण किती भांडलो त्याला गणती नाही. मी म्हणायची, हे तुमचं कारण गोड आहे पण खोटं आहे, तुम्ही भ्याले. बाई आत आली तर आतलं हसणं-खिदळणं बदलेल, भाऊ म्हणून मिरवणं बदलेल, म्हणून भ्याले. तुम्ही म्हणायचे, "तसं नाई न, मायबाई." हरायला लागले की तुम्ही मला मायबाई म्हणायचे. शेवटचं भेटलो तेही त्याच शेडखाली. तुम्ही ओट्यावर बसून शेंगा फोडत होते, चेहरा उतरलेला होता, मला वाटलं थकले असाल. मी विचारलं, "भाऊ, आता तरी खरं सांगा. भ्याले होते ना?" तुम्ही फोडलेले दाणे माझ्या हातावर ठेवले. मग म्हणाले, "सांगतो. उद्या फोन करतो." आणि दुसऱ्या दिवशी फोन आला तो वहिनींच्या भावाचा.

आता कालचं सांगते. तुम्हाला रीत माहीतच आहे, तुम्हीच मला सांगितली होती. भाऊ गेला की त्याचा दुपट्टा घरून आणून शेवटचा एकदा त्याच्या खुंटीवर टांगतात. तेरवीच्या आधी तो परत घरी पोचवायचा असतो, पण उतरवायचा कोणी? घरच्यांनी नाही, दोस्तानेही नाही. त्याच्याशी सगळ्यात जास्त जो भांडला त्याने. आणि दुपट्टा हातात धरून त्याने सगळ्यांसमोर सांगायचं की आमचं कोणतं भांडण उरलं. मग सगळ्यांनी म्हणायचं, "उरलं ते आमचं." तेवढं म्हटलं की ते भांडण मंडळाचं झालं, ते मिटवल्याशिवाय सुटका नाही. मंडळातल्याच दोघा शेजाऱ्यांचं धुऱ्याचं भांडण तुम्ही लोकांनी असंच मिटवलं होतं. एक गेला, दुसऱ्याने दुपट्टा उतरवून धुऱ्याचं सांगितलं, आणि पेरणीच्या आत सगळे खुंटीवाले मोजायची दोरी घेऊन शेतात उभे. पोरांपर्यंत ते भांडण गेलंच नाही. ही रीत सांगताना तुमचे डोळे भरून यायचे.

परवा दुपारी केशवराव आमच्या ओसरीत येऊन बसले. पाणी प्याले, चहा प्याले, तुरीची चौकशी केली, हरभऱ्याची केली. मी म्हटलं, काका, काय ते बोला.

"ताई, पंचाईत झाली. गुणवंताचा दुपट्टा कोणं काढावा, याच्यावर बैठक बसली. एकजण म्हणे मी भांडलो त्याच्यासंगं. सारे हासले. दुसरा म्हणे मी. त्याले कोणी हासलं बी नाई. मंग सारे चूप. साऱ्याह्यच्या मनात एकच नाव, पण तोंडातून काढन कोण?"

"मग?"

"मंग पुष्पाकडं गेलतो. ती म्हणे, दुपट्टा इंदूताईच आणन. नाईतं राहू द्या खुंटीवरच, मले नाई पायजे."

भाऊ, मी हसले आणि माझ्या डोळ्यांतून पाणी आलं. तुमच्या मंडळाची रीत ज्याने कोणी बांधली त्याच्या स्वप्नातही नसेल की एखाद्या भावाचं सगळ्यात मोठं भांडण बाईशी असेल. तुम्ही हे आधीच ओळखलं होतं, आणि शेवटी हे भांडण मंडळाच्याच गळ्यात पडावं म्हणूनच उडीद टाकला, असं गावात कोणीकोणी म्हणायला लागलं आहे. मी नाही मानत. एवढी अक्कल तुम्हाला नव्हती.

केशवराव जाताना उंबऱ्यात थांबले. "ताई, एक ऐका. भांडण एकच सांगता येते. बाजारात बायांसाठी संडास नाई, ते सांगजो. साऱ्या पार्ट्या आत हायेत, उन्हाळ्याच्या आत बांधून देऊ, माहा शब्द. पण ते उडदाचं नका काढू. लोकं भेले हायेत."

केशवरावांवर राग धरू शकत नाही मी. पण त्यांनी मला कुठे नेऊन उभं केलं पाहा. बाजारात बसणारी प्रत्येक बाई सकाळपासून पाणी पीत नाही. का पीत नाही ते तिलाच ठाऊक. मी स्वतः बसले आहे तशी, जीभ टाळूला चिकटेपर्यंत. एक वाक्य बोलले असते की ते काम झालं असतं. माझ्या खुंटीचं काय, ती नसली तरी मी आजवर मेले नाही. तुम्ही असते तर काय म्हणाले असते तेही मला माहीत होतं: "ताई, हाती येते ते घेऊन घ्या. बाकीचं मंग पाहू." तुमचं सगळं राजकारण तेच होतं, आणि त्याने गावात कामंही झाली. पण मी काम करता करता विचार करत राहिले. जे संडास ती माणसं उन्हाळ्याच्या आत बांधू शकतात, ते त्यांना इतकी वर्षं सुचलं कसं नाही? वाईट माणसं आहेत का ती? नाहीत. पण त्या खोलीत बसणाऱ्या एकालाही कधी दिवसभर तहान मारून बसावं लागलं नव्हतं. बस, तेवढंच. मग माझं ठरलं.

काल गेले. आमच्या पक्षाचा दुपट्टा मुद्दाम घालून गेले. दारात थांबले आणि रीतीप्रमाणे गळ्यातून काढला, तर टांगायला खुंटी कुठे आहे? सगळ्यांवर नावं, सगळ्यांवर कपडे. कोणी पुढे होईना. शेवटी केशवरावांनी हात पुढे केला आणि माझा दुपट्टा स्वतःच्या हातावर घेतला, आणि सगळं होईपर्यंत म्हातारा तसाच हात पुढे धरून उभा राहिला.

तुमची खुंटी खिडकीच्या बाजूची. दुपट्ट्याला एका टोकाला चहाचा डाग होता. मी तो उतरवून दोन्ही हातांत धरला. सगळे भाऊ उभे होते. मी म्हटलं, "भाऊहो, गुणवंतभाऊंचं नि माझं एक भांडण उरलं. या भिंतीवर बाईची खुंटी काऊन नाई, हे आमचं भांडण. मी म्हणायची ते भ्याले. ते म्हणत तसं नाई. उद्या सांगतो म्हणून गेले अन् सांगतलं नाई. एवढंच उरलं."

एकजण खोकला. एकाने छताकडे पाहिलं. मला वाटलं, गेलं. संडासही गेलं आणि खुंटीही गेली, आता भाजीवाल्या बायांना काय तोंड दाखवू? तेवढ्यात बाजूने केशवरावांचा आवाज आला, जरा चिरका, "उरलं ते आमचं." मग त्या पंक्चरवाल्या भावाचा. मग मागून दोन-तीन. मग बाकीचे, कोणी मनापासून, कोणी तोंडातल्या तोंडात. पण म्हणाले सगळे. रीतीत किती जोराने म्हणायचं ते कुठे लिहिलेलं नाही.

केशवरावांनी माझा दुपट्टा तुमच्या रिकाम्या खुंटीवर टांगला. "संक्रांतीले मडकं फिरन. तोवर राहू द्या हा इथंच," म्हणाले. आणि मग हळूच, "अन् संडासाचं?"

"ते आत येऊन सांगते," म्हटलं. म्हातारा हसला. "गुणवंत बरोबर सांगे," म्हणाला, पण काय सांगत होते ते काही सांगेना. शपथ पाळणारा माणूस आहे.

तिथून तुमचा दुपट्टा घेऊन वहिनींकडे गेले. त्या चुलीपाशी बसल्या होत्या, घर पाहुण्यांनी भरलेलं. दुपट्टा त्यांनी मांडीवर घेतला, चहाच्या डागावर बोट फिरवलं, तो त्यांना कधीचा माहीत असणार. "काय सांगतलं?" म्हणाल्या.

"उडीद."

त्या हसल्या. तुम्ही गेल्यापासून पहिल्यांदा. बाजूच्या बाया चमकून पाहायला लागल्या. मग घडी घालता घालता खाली पाहूनच म्हणाल्या, "ताई, याह्यच्यासंगं सगळ्यात जास्त तं मीच भांडली. रोज भांडली. मले कोणी इचारलंच नाई."

भाऊ, भांडणात मी हरले. तुम्हाला आयुष्यभर जमलं नाही ते वहिनींनी एका वाक्यात करून दाखवलं. खरंच, कोणी विचारलं नाही. त्यांना घरचं माणूस म्हणून रीतीतून आधीच बाजूला काढलं, आणि त्या वाईट वाटून घेत नाहीत याचंच मला जास्त वाईट वाटलं. शेवटी मी म्हटलं, "वहिनी, तुम्हाला पाहिजे का खुंटी?"

त्यांनी दुपट्टा उशाशी ठेवला, पदर सारखा केला. "पायजे तं," म्हणाल्या. "काऊन नाई पायजे?"

तर ऐका, गुणवंतभाऊ. संक्रांतीला मडकं फिरेल. मी आत गेले की पहिलं नाव पुष्पावहिनींचं मांडणार आहे, आणि माझ्या मुठीत ज्वारी असेल. तुम्ही तेवढं तिकडून उडीद टाकायचं काम करू नका.